बांधावरचा हक्क

रानभाजीला सध्या बरे दिवस आले आहेत. पाऊस सुरू झाला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत टाकळा-कुर्डूच्या पाककृती झळकतात. जागतिक आदिवासी दिनाच्या, म्हणजे 9 ऑगस्टच्या सुमारास कृषी विभाग ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरवतो. मुंबईहून महाबळेश्वरला निघालेली गाडी पोलादपूरला थांबते आणि करटोल्यांचा वाटा घेऊन आंबेनळी घाट चढते. हे सगळं चांगलंच आहे. ज्या भाजीला काल-परवापर्यंत गरिबाचा पाला म्हणून नाक मुरडलं जायचं, तिला मान मिळतो आहे. पण या कौतुकात एक साधा प्रश्न राहून जातो. ही भाजी उगवते ती जमीन कुणाची, आणि खुडणारीला तिथे पाय ठेवू कोण देतं?

महाड आणि पोलादपूर या तालुक्यांत पावसाळाभर पाटी घेऊन रस्त्याकडेला बसणाऱ्या बायकांत कातकरी बायका पुष्कळ असतात, आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या नावावर गुंठाभरही जमीन नसते. त्यांच्या पाटीतली जुडी दुसऱ्याच्या बांधावरून, दुसऱ्याच्या वरकसातून, गुरचरणातून किंवा वनखात्याच्या हद्दीतून आलेली असते. तरी ती चोरी ठरत नाही, कारण पिढ्यानपिढ्यांची वहिवाट तिच्या पाठीशी असते. रानभाजी जगली ती या वहिवाटीवर. आज खरा धोका आहे तोही वहिवाटीलाच, आणि पाककृती, महोत्सव किंवा वनस्पतींच्या याद्या यांनी तो टळणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

रानभाजी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घनदाट अरण्य येतं. प्रत्यक्षात सावित्री, काळ आणि गांधारी या नद्यांच्या खोऱ्यांत यातल्या बहुतेक भाज्या घरापासून हाकेच्या अंतरावर उगवतात. मेअखेरीस वळवाच्या सरी पडल्या की कुंपणाच्या कडेला, झुडपांच्या सावलीत शेवळाचे कोंब वर येतात. मृग बरसला की टाकळा उगवतो तो रस्त्याकडेला, उकिरड्याजवळ, पडीक खाचरात. कुर्डू नाचणीच्या शेतात तण म्हणून येते. काटेमाठाला गोठ्यामागची खतवलेली माती मानवते. फोडशी डोंगरउताराच्या गवतात सापडते, तर भारंगी झाडोऱ्याच्या कडेने. करटोलीचा वेल कुंपणावर चढतो. श्रावण-भाद्रपदात वारुळांवर अळंबी उगवते, आणि पाऊस सरल्यावर करांदे आणि कडूकंद खणायचे दिवस येतात.

या जागा नीट पाहिल्या तर ध्यानात येतं की त्यातल्या बहुतेक माणसाच्या राबत्या हातांनी घडवलेल्या आहेत. बांध कुणीतरी घातला म्हणून बांधावरची भाजी आली. वरकसात नाचणी-वरीसाठी माती उकरली गेली म्हणून कुर्डूला ऊन आणि जागा मिळाली. गुरं चरली म्हणून गवत आटोक्यात राहिलं आणि फोडशीला डोकं वर काढता आलं. गावातली तरणी माणसं मुंबईला गेली, वरकसं पडीक पडली, आणि त्यांच्यावर रानमोडीचं दाट झुडूप माजलं. रानमोडीखाली ना कुर्डू उगवत ना फोडशी. म्हणजे माणूस निघून गेला की रान आपोआप समृद्ध होतं, हा समज निदान या भाज्यांच्या बाबतीत खोटा आहे. त्यांना माणसाचा वावर हवा असतो.

या वावराचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण गावात ते सगळ्यांना ठाऊक असतात. उभ्या पिकात पाय घालायचा नाही. लावलेल्या भाजीला, परसातल्या वेलाला हात लावायचा नाही. पण बांधावर, पडीत, वाटेच्या कडेला आपसूक उगवलेला पाला खुडायला मालकाला विचारावं लागत नाही, आणि मालकाने हटकलं तर त्याचीच चर्चा होते. जमिनीची मालकी एकाची आणि तिच्यावर आपसूक उगवणाऱ्यात वाटा अनेकांचा, अशी ही व्यवस्था आहे. ती उदारपणातून आली असं समजायचं कारण नाही. शेतकऱ्याला लावणीला, कापणीला हात लागायचे, आणि ते हात ज्या वाड्यांतून यायचे त्यांना बांधावरून हाकलून चालण्यासारखं नव्हतं. त्या व्यवहारात मजुरी तुटपुंजी होती, विटाळ होता, अपमान होता. गावगाड्यातली ती उतरंड मला परत नको आहे. पण उतरंड मोडताना तिच्यातला हा एक हक्कही हातचा जाऊ द्यावा, असं काही नाही.

बाहेरून आलेल्या सत्तेने या हक्कावर घाला घालण्याची गोष्टही जुनी आहे. 1878 च्या वनकायद्यानंतर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत (रायगडचं 1981 पर्यंतचं नाव कुलाबाच) भाताच्या राबासाठी टहाळ तोडण्यापासून जळणापर्यंत लोकांची अडवणूक होऊ लागली. तक्रारी इतक्या वाढल्या की मुंबई सरकारला 1885 मध्ये वन आयोग नेमावा लागला आणि 1887 मध्ये त्याचा अहवाल आला. त्या वेळी अडवणारा सरकारी शिपाई होता, त्याला निदान तोंड होतं. आजची अडवणूक मुकी आहे. चाकरमान्याने विकलेला डोंगरउतार कुणीतरी घेतो, त्याला तारेचं कुंपण पडतं, आत फार्महाऊस होतं किंवा नुसतीच जागा राखून ठेवली जाते. कालपर्यंतची पायवाट फाटकाशी संपते. आणखी एक अडवणूक बाटलीतून येते. मजूर मिळत नाहीत म्हणून बांधावर, काजूच्या बागेत, रस्त्याकडेला तणनाशक मारलं जातं. शेतकऱ्याची अडचण खरी आहे. पण त्याच्या लेखी जे तण, ते शेजारच्या वाडीतल्या घरातली संध्याकाळची भाजी असते, आणि फवारणी कधी झाली हे खुडणारीला कुणी सांगत नाही.

माझ्या या म्हणण्यावर काही आक्षेप आहेत, आणि त्यातला पहिला सर्वांत जड आहे. रानभाजी हा भुकेचा आहार होता, त्याचे गोडवे कसले गाता? आषाढ-श्रावणात कणग्या रिकाम्या व्हायच्या, नवं भात हाती यायला अवकाश असायचा, तेव्हा पाला आणि कंद यांवर दिवस काढावे लागत. कातकऱ्यांच्या घरी कडूकंद कसा शिजतो हे पाहिलं की या आक्षेपाचं वजन कळतं. कंद खणायचा, सोलायचा, पातळ काप करायचे, राखेच्या पाण्यात उकळायचे, मग टोपलीत घालून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचे, म्हणजे कडवटपणा आणि विषारी अंश निघून जातो. एवढे कष्ट कुणी हौसेने करत नाही. ज्या आईने भुकेपोटी हे केलं, तिच्या मुलीला त्या वासाचीही शिसारी येत असेल तर तिला दोष देण्याचा अधिकार कुणालाही नाही.

तरीही या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. भूक वाईट होती, म्हणून भुकेत साथ देणारी गोष्ट वाईट ठरत नाही. रेशनचा तांदूळ मिळू लागला ही मोठी गोष्ट झाली, पण रेशनवर भाजी मिळत नाही. जिच्या हातात रोजची मजुरी पडते तिला बाजारातली मेथी-पालक पावसाळ्यात परवडत नाही, कारण नेमक्या त्याच दिवसांत भाज्या कडाडतात आणि कामंही कमी असतात. अशा वेळी फुकट मिळणारा ताजा पाला आणि थोडी विकून मिळणारी रोकड, दोन्ही तिच्या हातात राहायला हवीत. तिने रानभाजी खायची की नाही, हे तिने ठरवावं. कुंपण घालून तिच्याऐवजी दुसऱ्यानेच ते ठरवणं हा अन्याय आहे.

दुसरा आक्षेप धोक्याचा. रानातलं खाऊन विषबाधा झाली तर? धोका खरा आहे, आणि त्यावरचा उपायही ठाऊक आहे. टाकळ्याचंच उदाहरण घ्या. त्याच्या पानाला पर्णिकांच्या साधारण तीन जोड्या असतात, पर्णिका टोकाला गोल आणि रुंद असतात, संध्याकाळी त्या मिटतात, आणि शेंग लांब, बारीक, वाकडी असते. त्याच्याच शेजारी त्याचा जवळचा नातलग कासविंदा वाढतो, ज्याला काही ठिकाणी रानटाकळाही म्हणतात. त्याच्या पर्णिकांच्या जोड्या जास्त, टोकं निमुळती आणि शेंग चपटी. पश्चिम उत्तर प्रदेशात वर्षानुवर्षं लहान मुलं एका गूढ आजाराने दगावत होती. मेंदू, यकृत आणि स्नायू एकाच वेळी निकामी करणाऱ्या त्या आजाराचं मूळ कासविंद्याच्या बियांत असल्याचं पुढे डॉक्टरांनी दाखवलं. 2016 मध्ये ओडिशातल्या मलकानगिरीत मुलांचे मृत्यू झाले तेव्हा आधी जपानी मेंदुज्वराचं नाव घेतलं गेलं, आणि मग डॉ. टी. जेकब जॉन यांच्या तपासणीत पुन्हा याच वनस्पतीकडे बोट दाखवलं गेलं.

आमच्याकडे गौरीच्या सजावटीत कळलावीचं ज्वाळेसारखं लाल-पिवळं फूल मानाने वापरतात, आणि त्याच कळलावीचा कंद जीवघेणा विषारी असतो. शेवळंदेखील सरळ शिजवली तर घसा खाजून खाजून बेजार होतो. म्हणून वरचं आवरण काढायचं, आतला पिवळा भाग टाकून द्यायचा, उरलेलं बारीक चिरायचं आणि काकडाच्या आंबट फळांसोबत शिजवायचं. शेवळं विकणारी बाई शेवळांच्या जुडीबरोबर मूठभर काकडंही देते, ती यासाठी. हे सगळं ज्ञान आईच्या मागून बांधावर चालताना मुलीला मिळतं. वाट बंद झाली की शिकवणीही बंद पडते. रानात जायचंच थांबवलं म्हणजे माणसं सुरक्षित होतील, हा विचार इथेच उलटतो, कारण बांधावर कासविंदा राहतोच, जाते ती फक्त त्याची ओळख. उद्या कुतूहलाने किंवा गरजेपोटी कुणी पुन्हा खुडायला गेलं तर त्याला सावध करणारं शेजारी कुणी नसेल.

ज्ञानाने भागणार नाही असा एक धोका मात्र महाडच्या माथी आहे. इथल्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत, आणि सावित्रीच्या पाण्याबद्दल काठावरच्या लोकांच्या तक्रारी जुन्या आहेत. पालेभाज्या मातीतले जड धातू शोषून घेतात, आणि ते पानाकडे पाहून कुणालाही कळत नाहीत, कितीही जाणत्या बाईला नाही. इथे जबाबदारी खुडणारीवर टाकता येणार नाही. नाल्याकाठची, महामार्गालगतची माती आणि पाला तपासून अमुक पट्ट्यात खुडू नका असं मराठीत, ठळक अक्षरांत सांगणं हे शासनाचं काम आहे. माणसं नदीकाठाला काय खातात हे एकदा अधिकृतपणे मान्य केलं, तर नदीत काय सोडलं जातं यालाही उत्तर द्यावं लागेल.

तिसरा आक्षेप निसर्गप्रेमींचा. सगळेच रानभाजीच्या मागे लागले तर रानात उरेल काय? हा प्रश्न सरसकट विचारला तर त्याचं उत्तर मिळत नाही, एकेका वनस्पतीबद्दल विचारला तर मिळतं. टाकळा, कुर्डू, काटेमाठ ही एका पावसाची, ढिगाने बी सोडणारी झाडं. त्यांचा कोवळा पाला कितीही खुडला तरी पुढच्या मृगाला ती हजर असतात. फोडशीची पानं वरून कापली तर मुळं जमिनीत शाबूत राहतात, पण मुळासकट उपटली तर खेळ संपला. भारंगीचा पाला घेणं वेगळं आणि औषधाच्या व्यापाऱ्यासाठी मुळी खणून देणं वेगळं. शेवळाचा जो कोंब आपण खातो तो त्याचा फुलोरा असतो, म्हणून एका जागेतली सगळी शेवळं काढली तर तिथे त्या वर्षी बी धरणारच नाही. करटोलीचे नर आणि मादी वेल वेगळे असतात, म्हणून फळ देत नाही असं पाहून नर वेल उपटला तर शेजारच्या मादी वेलालाही फळं लागायची नाहीत.

ही मर्यादा पाळायची शिस्त या मातीला नवी नाही. रायगडच्या परिसरात काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथल्या डोहातले मासे देवीचे मानले जातात. लोक त्यांना चुरमुरे टाकतात, पण पकडत नाहीत. नदीत इतरत्र मासेमारी चालते, हा एक डोह राखला जातो. देवराया अशाच राखल्या गेल्या. काय घ्यायचं, किती घ्यायचं आणि कुठे हात लावायचा नाही, हे ठरवण्याचा अनुभव इथल्या गावांकडे आहे. पण नियम तोच समाज पाळतो ज्याला उद्याही तिथे यायची खात्री असते. ज्याला उद्या फाटक बंद होईल अशी धास्ती आहे, तो आजच सगळं ओरबाडून नेईल. म्हणून हक्क दिला तर रान संपेल ही भीती उलटी आहे. हक्क अनिश्चित ठेवला तरच ते संपेल.

चौथा आक्षेप व्यवहारी माणसाचा. एवढी मागणी आहे तर करटोली, शेवळं, भारंगी यांची लागवड करा, प्रश्न मिटला. लागवडीला माझा विरोध नाही. करटोलीची लागवड होतेच आहे आणि शेतकऱ्याला तिचे पैसे मिळाले तर आनंदच आहे. पण लागवड तोच करणार ज्याच्याकडे जमीन, कुंपण आणि पाणी आहे. बाजारात करटोली स्वस्त झाली की पाटीवालीचा भाव पडतो आणि तिच्याकडे लागवडीला जमीन नसते. जी भाजी भूमिहीनाची होती ती सातबाऱ्यावाल्याची होते. शिवाय सगळ्याची लागवड होतही नाही. वारुळावरची अळंबी वाळवीच्या साथीने वाढते आणि माणसाला ती अजून शेतात पिकवता आलेली नाही.

मग करायचं काय? महाडात बसून हा विचार करताना चवदार तळ्याची आठवण टाळता येत नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत हा बोले ठराव मुंबई कायदे मंडळात 1923 मध्ये झाला. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क आला, पाणी मात्र मिळालं नाही. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंना घेऊन तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्यायले, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला 1937 साल उजाडलं. माणुसकीच्या त्या लढ्याची बरोबरी भाजीच्या जुडीशी करण्याचा माझा हेतू नाही. पण त्या लढ्याने या गावाला दिलेला एक धडा इथे नेमका लागू पडतो. सार्वजनिक गोष्टीवरचा हक्क ठरावाने सुरू होतो, आणि टिकतो तो माणसं रोज तिथे जातात म्हणून.

ठरावांची आपल्याकडे कमतरता नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क मान्य केला, तोही गावाच्या सीमेच्या आत आणि बाहेर. त्यात औषधी वनस्पती, मुळं, कंद येतात. पण तो वनजमिनीपुरता आहे, आणि इथले कितीतरी उतार मालकीचे आहेत. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही आणली. या नोंदवहीत वनस्पतींची नावं चढतात, मात्र त्या कुठून, कोणत्या वाटेने, कोण आणतं हे नोंदलं जात नाही, आणि वाद उभा राहतो तो नेमका त्यावरूनच. विदर्भात मध्य प्रांताच्या काळापासून निस्तार हक्कांची लेखी परंपरा आहे. गावकऱ्यांनी जळण, चारा, वाट यांचा उपभोग कसा घ्यायचा याचं निस्तारपत्रक असतं. कोकणातली वहिवाट तोंडी राहिली. जाणती पिढी गेली आणि जमीन विकली गेली की ती सिद्ध करायला साक्षीदारही उरत नाही.

सीमेपलीकडे पाहिलं तर स्वीडनमध्ये परक्याच्या जमिनीवर फिरण्याचा, रानबोरं आणि अळंबी गोळा करण्याचा सर्वांचा हक्क रुळलेला आहे, आणि 1994 पासून निसर्गात वावरण्याच्या या हक्काचा उल्लेख त्यांच्या राज्यघटनेतही आहे. घराच्या अंगणात जायचं नाही, पिकाची नासाडी करायची नाही, एवढीच अट. आपल्या बांधावरचा अलिखित नियम याहून वेगळा नाही. श्रीमंत, आधुनिक देशाला जमिनीची खाजगी मालकी आणि खुडण्याचा सार्वजनिक हक्क एकत्र नांदवता येतो, तर तो मागासलेपणाचा अवशेष आहे असं आपण तरी का मानावं?

म्हणून महाड-पोलादपूरच्या ग्रामसभांनी तीन गोष्टी कराव्यात. पहिली, गावातल्या खुडण्याच्या जागा आणि तिथवर जाणाऱ्या पायवाटा यांचा नकाशा कातकरी, धनगर आणि कुणबी बायकांना सोबत घेऊन, त्यांच्या तोंडून करावा, आणि तो लोकजैवविविधता नोंदवहीत नकाशासकट चढवावा. दुसरी, रस्त्याकडेला, गुरचरणात आणि पाणवठ्यालगत तणनाशक मारायचं नाही असा ठराव करावा, आणि खाजगी बांधावर मारणाऱ्याने निदान फांदी खोचून खूण करावी असा दंडक घालावा. तिसरी, जमीन विकताना जुनी पायवाट मोकळी राहील अशी अट खरेदीखतात घालण्याचा आग्रह धरावा. 2021 च्या जुलैत महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. या डोंगरांत वाड्या हलवण्याचा प्रश्न पुन्हा पुन्हा येणार आहे. त्या वेळीही नवी घरं मोजताना नव्या जागेभोवती माणसांना खुडायला, चारायला काय उरतं, हे मोजलं पाहिजे.

महोत्सव भरवणाऱ्यांनाही एक मागणी आहे. मंडपात पहिला मान पदार्थ रांधणाऱ्यांना मिळतो. पुढच्या पावसाळ्यात तो खुडणाऱ्या बाईला द्यावा, आणि बक्षिसाआधी तिला विचारावं की या वर्षी कुठली वाट बंद झाली. तिचं उत्तर तहसीलदाराच्या टेबलावर लेखी गेलं, तर तो महोत्सव सार्थकी लागला असं म्हणता येईल. ज्याला रानभाजीची चव आवडते त्याने तिच्या वाटेसाठीही भांडायला हवं. ताटातली जुडी आणि बांधावरची वाट या दोन गोष्टी वेगळ्या काढून एकीवर प्रेम करता येत नाही.